नवा गडी, नवे राज्य : व्हिडिओ खेळातील मरण, निवड आणि कथन

मराठी समीक्षेने कादंबरी, नाटक, चित्रपट, लोकनाट्य एवढेच नव्हे तर जाहिरातही आपल्या कक्षेत घेतली. व्हिडिओ खेळाचा विचार मात्र बहुतांशी मानसशास्त्र, पालकत्व आणि समाजस्वास्थ्य या अंगांनीच झाला. खेळामुळे मूल बिघडते की नाही, हा प्रश्न विचारला गेला. खेळणाऱ्याला त्या खेळाविषयी काय म्हणायचे आहे, हे विचारण्याची गरज फारशी भासली नाही. वास्तविक खेळणाऱ्याची मते ही आस्वादाची, आणि पुष्कळदा काटेकोर समीक्षेचीच, विधाने असतात. ‘हा खेळ न्यायाने हरवत नाही’, ‘येथे निवड दिली आहे, पण ती खोटी आहे’, ‘या खेळात मेल्याचे दुःख होते’ अशा वाक्यांत घाट, आशय आणि मूल्य या तिन्हींविषयीचे निर्णय दडलेले असतात. त्यांची तपासणी करणे हा या लेखाचा विषय आहे.

येथे ‘खेळणारा’ म्हणजे कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हे. वाचककेंद्री समीक्षेत ज्या अर्थाने ‘वाचक’ असतो, त्या अर्थाने हा खेळणारा आहे. परंतु वाचकालाही गाव असतेच. प्रस्तुत खेळणारा हिंगोली जिल्ह्यातला कल्पिला आहे. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात परंपरेने नामदेवांचे जन्मगाव मानलेले नर्सी आहे (जन्मस्थळाचा वाद अभ्यासकांना परिचित आहे), औंढा नागनाथ आहे, आणि वसमतपासून हिंगोलीपर्यंत पसरलेले हळदीचे शिवार आहे. या तिन्हींचा खेळाच्या विचाराशी संबंध आहे. तो कसा, हे पुढे यावे.

खेळणाऱ्यांच्या आवडीचे तीन प्रकार ढोबळपणे मानता येतात. पहिला व्यूहप्रधान खेळांचा. यात राज्य, सैन्य, साधने आणि काळ यांचा हिशेब हाच रस असतो. ‘सिव्हिलायझेशन’ (1991) हे त्याचे ठळक उदाहरण. दुसरा ‘रोगलाइक’ या चमत्कारिक नावाने ओळखला जाणारा प्रकार. 1980 च्या सुमारास अमेरिकेतील विद्यापीठीय संगणकांवर मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी ‘रोग’ नावाचा खेळ रचला. पडद्यावर चित्रे नव्हती. खेळणारा म्हणजे ‘ॲट’चे चिन्ह आणि राक्षस म्हणजे रोमन लिपीतील मोठी अक्षरे. या खेळाची दोन तत्त्वे पुढे टिकली. तळघराची रचना प्रत्येक डावात नव्याने घडते, आणि मेलेला गडी पुन्हा उठत नाही. तिसरा प्रकार कथनप्रधान खेळांचा. त्यात संवाद, पात्रे आणि निवडी यांतून गोष्ट पुढे सरकते. पहिल्या दोहोंचा चाहता तिसऱ्याला ‘हा खेळच नव्हे’ म्हणून झिडकारतो. तिसऱ्याचा चाहता पहिल्या दोहोंना ‘नुसते गणित’ म्हणतो.

हा झगडा मराठी सौंदर्यविचाराला अपरिचित नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (1974) या ग्रंथात सौंदर्यसंकल्पनेची रचना द्विध्रुवात्मक असल्याचे दाखवले. एका टोकाला कलेची स्वायत्तता, दुसऱ्या टोकाला जीवनाशी असलेले तिचे लागेबांधे. व्यूहाचा चाहता पहिल्या ध्रुवाशी उभा असतो. पटावरच्या हत्तीचे हत्तीपण त्याला बिनमहत्त्वाचे वाटते, त्याची चाल तेवढी खरी. कथनाचा चाहता दुसऱ्या ध्रुवाशी. पाश्चात्त्य खेळमीमांसेतही 1997 नंतर असाच वाद रंगला. त्या वर्षी एस्पेन आर्सेथ यांचे ‘सायबरटेक्स्ट’ आणि जॅनेट मरे यांचे ‘हॅम्लेट ऑन द होलोडेक’ ही पुस्तके प्रसिद्ध झाली आणि खेळ हा कथनाचा प्रकार मानावा की स्वतंत्र रूप, यावर पक्ष पडले. तो वाद आता बराचसा निवला आहे. त्याने एक प्रश्न मात्र मागे ठेवला: खेळात जे घडते त्याला ‘घटना’ कधी म्हणायचे?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी भाषेविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे. मराठी खेळणाऱ्याची मते उसन्या शब्दांत व्यक्त होतात. ‘रन’, ‘बिल्ड’, ‘सेव्ह’, ‘ग्राइंड’ हे शब्द त्याच्या तोंडी सहज येतात, आणि त्यामुळे त्याचे मत परक्या मुलखातले वाटते. प्रत्यक्षात अंगणातल्या मराठी खेळांनी एक पूर्ण विकसित परिभाषा घडवून ठेवली आहे आणि ती नुसती नामांची यादी नाही, तीत नीतिविचार आहे. शिवाशिवीतील ‘भोज्या’ ही खेळाने मान्य केलेली सुरक्षित जागा. तिला हात लावलेल्याला बाद करता येत नाही, पण तेथे कायम उभे राहणेही शोभत नाही. व्हिडिओ खेळातील सेव्ह करण्याची ठरलेली जागा म्हणजे हाच भोज्या. ‘टाइमप्लीज’ हा काळ थांबवण्याचा हक्क. तो वारंवार मागणाऱ्याकडे इतर गडी कसे पाहतात, हे सर्वज्ञात आहे. ‘लिंबूटिंबू’ म्हणजे ज्याच्यासाठी नियम शिथिल केले आहेत असा लहानगा गडी. तो खेळात असतो आणि नसतोही; त्याच्यावर राज्य येत नाही. ‘लिंबूटिंबू’त अवहेलनेपेक्षा सामावून घेणे अधिक आहे. अवघड खेळांत सोपी पातळी द्यावी की नाही, यावर जगभर जी कटुता माजते तिच्यापेक्षा अंगणातील हा तोडगा अधिक सुसंस्कृत म्हणावा लागेल.

सर्वांत अर्थगर्भ शब्द अर्थातच ‘रडीचा डाव’. हार दिसू लागताच डाव मोडणे, नियम फिरवणे, ‘हे धरायचे नाही’ म्हणणे, हे सारे त्यात येते. व्हिडिओ खेळात वाईट दान पडले की मागच्या सेव्हवर परतून तोच प्रसंग हवा तसा घडेपर्यंत पुन्हा खेळायचा, ही सवय रूढ आहे. तिला इंग्रजीत तुच्छतादर्शक नाव आहे. मराठीत तिला रडीचा डाव याहून नेमके नाव देता येणार नाही. रोगलाइक खेळाचे मूळ वैशिष्ट्य म्हणजे त्याने रडीचा डाव यंत्रातच अशक्य करून टाकला. ‘रोग’मध्ये डाव साठवता येई, पण साठवलेला डाव उघडताच त्याची नोंद नाहीशी होई. साठवण होती ती उठून जेवायला जाण्यापुरती, पश्चात्तापासाठी नव्हे. आणि मेल्यानंतर जे सुरू होते त्याला मराठीत आधीच म्हण आहे: नवा गडी, नवे राज्य.

ही म्हण रोगलाइकला जितकी लागू पडते, तितकीच ती अपुरीही आहे. गडी नवा असतो, तळघर नवे असते, पण खेळणारा जुनाच असतो. कोणता राक्षस कसा वागतो, कोणत्या वस्तूचा भरवसा धरू नये, हे ज्ञान पडद्यावरच्या गड्याला नसते. ते पडद्याबाहेर साठते. ‘रोग’मधील औषधांचे रंग प्रत्येक डावात बदलतात, म्हणून तेवढे ज्ञान पुसले जाते, परंतु अनोळखी औषध कधी प्यावे याविषयीची सावधता पुसली जात नाही. म्हणजे देह बदलतो आणि जाणणारा तोच राहतो.

याची नेमकी उलट रचना मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानल्या जाणाऱ्या ‘लीळाचरित्रा’त सापडते. भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव मरण पावतो. त्याच वेळी चांगदेव राऊळ देह ठेवून त्या मृत शरीरात प्रवेश करतात आणि हरिपाळदेव चितेवरून उठतो. येथे देह तोच आहे, जाणणारा बदललेला आहे. नातलगांना वाटते, गडी परत आला. वस्तुतः राज्य नवे असते. याहून लक्षणीय असे की, या नव्या हरिपाळदेवाला द्यूताची आवड आहे. तो हरतो, देणे भागवण्यासाठी पत्नीकडे दागिने मागतो, ती नकार देते, आणि त्या नकारातून विरक्तीचे बीज पडते. पुढे रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घर सोडतो. चक्रधरांच्या चरित्राचा आरंभ असा एका हरलेल्या डावातून होतो. डावाच्या आत जे हरले ते पैशाचे होते. डावाबाहेर जे बदलले ते आयुष्य होते. द्यूताच्या पटावर कोणती दाने पडली, हे सांगण्यात निवेदकाला रस नाही. त्याच्या दृष्टीने घटना घडली ती पट उधळल्यानंतर, घरात. (ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि कौशल्याचा खेळ की योगायोगाचा, हा न्यायालयांत वर्षानुवर्षे चघळलेला भेद त्यापुरता बाजूला ठेवला. लीळाचरित्रकारांनाही हा भेद महत्त्वाचा वाटलेला दिसत नाही.)

यावरून एक कसोटी हाती येते. खेळातील एखादी गोष्ट घटना ठरते ती तिचे परिणाम मागे घेता येत नाहीत तेव्हा. कथनात हे सहज असते. छापलेल्या कादंबरीत मेलेले पात्र वाचकाच्या हट्टाने जिवंत होत नाही. खेळाला मात्र ही अपरिवर्तनीयता प्रयत्नपूर्वक निर्माण करावी लागते, कारण यंत्राचा स्वभाव पुन्हा सुरू करण्याचा आहे. ‘रोगलाइकमध्ये गोष्ट नसते, पण सांगण्यासारखे सर्वाधिक त्यातच घडते’ हे खेळणाऱ्यांचे वरवर विरोधाभासी वाटणारे मत या कसोटीवर समजते. तेथे लेखकाने लिहिलेले कथानक जवळजवळ नसते. परंतु एका चुकीच्या पावलाने तासाभराची बांधणी कोसळते, आणि ती कोसळली हे दुसऱ्याला सांगावेसे वाटते.

या ठिकाणी मोक्षपटाचा विचार अपरिहार्य आहे. सापशिडीचा हा पूर्वज परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जातो. ते कर्तृत्व पुराव्याने सिद्ध मानता येत नाही, तरी पश्चिम भारतात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत असे पट प्रत्यक्ष खेळले जात होते. जेकब श्मिट-मॅडसेन यांनी कोपनहेगन विद्यापीठातील आपल्या 2019 च्या प्रबंधात या पटांचा विस्तृत शोध घेतला आहे. 72 घरांचा वैष्णव आणि 84 घरांचा जैन असे पट परिचित आहेत. प्रत्येक घराला नाव असते: कुठे एखादा दुर्गुण, कुठे सद्गुण, कुठे एखादा लोक. व्यूहाच्या चाहत्याला मोक्षपट हा खेळच वाटणार नाही, आणि तसे वाटणे चूक नव्हे. कवड्या पडतील तेवढी घरे सोंगटी सरकते, खेळणाऱ्याला एकही निर्णय घ्यावा लागत नाही. रोझे काय्वा यांच्या वर्गीकरणात तो शुद्ध दैवाचा खेळ. पण त्याचे सारे सामर्थ्य घरांच्या नावांत आहे. मत्सराच्या घरी पोचणारा स्वतः मत्सरी झालेला नसतो. तरी ‘तू मत्सराला गिळला गेलास’ असे समोरचा म्हणतो आणि हशा होतो. दैवाने मिळालेल्या घराला कृतीचे नाव देऊन मोक्षपट खेळणाऱ्याच्या माथी एक चरित्र चिकटवतो. हे कथनच आहे, मात्र ते निवडीतून आलेले नाही.

कर्मविचाराची परिभाषा येथे मोहात पाडणारी आहे. अलीकडच्या पुष्कळ खेळांत रोगलाइकचा कठोरपणा सैल करून मरणानंतरही काही पुंजी पुढच्या डावात नेता येते. या पुंजीला संचित, डावाच्या आरंभी यंत्राने मांडून दिलेल्या परिस्थितीला प्रारब्ध आणि चालू डावातील कृतीला क्रियमाण म्हटले की सारे कसे जुळून आल्यासारखे दिसते. हे साम्य ओढून धरण्यात अर्थ नाही. कर्मविचारात संचित क्षीण होणे हे ध्येय आहे, खेळात ते वाढवणे. मोक्षपटाचा शेवट खेळातून सुटण्यात आहे. आधुनिक खेळाचे सारे अर्थकारण न सुटण्यावर उभे आहे.

‘हेडीस’ (2020) या खेळाने ही अडचण ओळखून तिचाच आशय केला, म्हणून त्याची चर्चा करणे योग्य ठरेल. पाताळाच्या अधिपतीचा पुत्र झॅग्रियस बापाच्या घरातून निसटू पाहतो, वाटेत मरतो आणि मरून पुन्हा त्याच घरी येतो. घरातली माणसे त्याच्या मरणाविषयी बोलतात, टोमणे मारतात, काही नवे उघड करतात. मरण हे कथनातील खंड न राहता त्याचा सांधा बनते. 2021 मध्ये ह्यूगो पुरस्काराने व्हिडिओ खेळासाठी प्रथमच ठेवलेल्या विशेष विभागात हा खेळ गौरवला गेला, तो उगाच नव्हे. परंतु खेळणाऱ्यांचा एक आक्षेप असा की, येथे मरण इतके फलदायी झाले आहे की त्याची भीती उरत नाही. हा आक्षेप वजनदार आहे. मेल्यावर बक्षीस म्हणून गोष्टीचा पुढचा तुकडा मिळणार असेल, तर गडी पुन्हा पुन्हा भोज्यालाच परत येत असतो.

‘डिस्को एलिसियम’ (2019) याच्या तुलनेत अधिक प्रौढ ठरतो. त्यात लढाई जवळपास नाही; दोन फाशांच्या दानावर संवादाची दिशा ठरते, आणि हरलेले दान पुष्कळदा जिंकलेल्यापेक्षा अधिक बोलके ठरते. स्मृती हरवलेला नायक आरंभीच छताच्या पंख्यावर अडकलेला आपला टाय ओढू पाहतो आणि प्रकृती दुबळी निवडली असेल तर त्यातच मरू शकतो. हास्यास्पद आणि करुण यांची अशी गाठ मराठी वाचकाला परकी वाटू नये. न. चिं. केळकरांनी 1921 च्या बडोदे संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली: वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपली भूमिका सोडत नाही, आणि या दुहेरीपणातच वाङ्मयाचा आनंद आहे. खेळात हा विकल्प अधिक ताणला जातो, कारण वाचक परक्याच्या भूमिकेत केवळ शिरत नाही, त्याच्या वतीने चुकतो. केळकरांच्या वाचकाला लज्जा वाटते ती पात्राची; खेळणाऱ्याला वाटते ती काही अंशी स्वतःची. केळकरांच्या सिद्धान्तावर झालेल्या जुन्या आक्षेपांचा विचार या नव्या उदाहरणाने पुन्हा करावा लागेल.

महाराष्ट्रात घडलेल्या कथनप्रधान खेळांत पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (2020) सर्वाधिक ज्ञात आहे. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली सर्कशीतली मुलगी त्याची नायिका आहे आणि तिच्या वाटचालीचे निवेदन दुर्गा आणि विष्णू करतात. दोन दैवते वरून पाहत आहेत, मतभेद व्यक्त करीत आहेत, हा निवेदनाचा घाट कीर्तनाच्या श्रोत्याला ओळखीचा वाटेल. मात्र पूर्वरंग-उत्तररंगातील सैलपणा येथे नाही. मुलगी कितीही कुशलतेने लढली तरी देवांचे संवाद तेच राहतात. खेळाचा शेवट अचानक झाल्याबद्दल पुष्कळांनी नापसंती दर्शवली. खरा दोष शेवटात नसून आधीच आहे: लढाईत मरण मागे घेता येते आणि गोष्टीत काहीच बदलता येत नाही, त्यामुळे दोन्हींकडे घटना घडत नाही.

जागेतूनच गोष्ट सांगणे ही कथनप्रधान खेळांची खास कला. उलटलेली खुर्ची, अर्धवट जळालेले पत्र, बंद दार यांवरून खेळणाऱ्याने घडून गेलेले ओळखायचे. औंढ्याच्या देवळात नंदी देवळाच्या मागच्या बाजूस आहे. नामदेवांना कीर्तनासाठी मागे जाण्यास सांगितले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, नंदी मात्र होता तेथेच राहिला, ही आख्यायिका तेथे सांगितली जाते. आख्यायिकेची सत्यासत्यता येथे गौण आहे. दगडाची एक विसंगती शतकानुशतके एका अपमानाची आणि त्याच्या निरसनाची खूण म्हणून वाचली जाते, हे महत्त्वाचे. फिरलेले देऊळ परत फिरलेले नाही. रोगलाइकमधील तळघर प्रत्येक डावात नव्याने रचले जाते. तेथे नंदी मागे राहण्याची सोय नाही.

व्यूहप्रधान खेळांविषयी खेळणाऱ्यांची मते बहुधा तोलासंबंधी असतात: अमुक राज्य बलाढ्य, तमुक तुकडी स्वस्त. दृष्टीचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ‘एम्पायर : टोटल वॉर’ (2009) मध्ये मराठा राज्य घेऊन 1700 पासून खेळता येते, आणि ज्या काळात मोगलांशी झुंज चालू होती तेथून आरंभ करून युरोपपर्यंत फौजा नेता येतात. याचे आकर्षण समजण्यासारखे आहे. सौविक मुखर्जी यांनी ‘व्हिडिओगेम्स अँड पोस्टकलोनियलिझम’ (2017) मध्ये साम्राज्याच्या खेळातून वसाहतीतला खेळणारा उलट खेळी कशी करतो, याची चिकित्सा केली आहे. पण उलट खेळी करणाराही नकाशा वरूनच पाहतो. प्रांत म्हणजे उत्पन्नाचा आकडा, गाव म्हणजे लुटीची जागा. हिंगोली अशा नकाशांवर पूर्वी प्रत्यक्ष होती: निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी येथे असे. छावणीच्या नकाशात कयाधूकाठच्या शेतकऱ्याला जितकी जागा होती, तितकीच या खेळात आहे.

शेतीचे म्हणून जे खेळ लोकप्रिय आहेत, त्यांत पेरले की उगवते आणि उगवले की ठरलेल्या भावाने विकले जाते. हिंगोलीच्या खेळणाऱ्याला हे खेळ ‘निवांत’ वाटतात, आणि हे त्याचे मत उपरोधाने नव्हे तर अक्षरशः घ्यावे. निवांतपणा हीच त्यांतील अद्भुतता आहे. हळदीची लागवड मे-जूनमध्ये होते, काढणी जानेवारीनंतर. मग शिजवणे, वाळवणे, पॉलिश, आणि सर्वांत शेवटी बाजारातल्या बोलीवर भाव. सुमारे नऊ महिन्यांच्या डावातील निर्णायक दान शेवटी पडते, आणि ते टाकणारा हात दुसऱ्याचा असतो. वसमतजवळच्या रिढोऱ्याचे कवी इंद्रजित भालेराव यांच्या ‘पीकपाणी’ने (1989) या जगण्याला मराठी कवितेत भाषा दिली. खेळाच्या रूपात त्याची रचना अद्याप कोणी केलेली पाहण्यात नाही. ती करताना ‘मरण’ हा रोगलाइकचा आवडता शब्द सांभाळून वापरावा लागेल. मराठवाड्यात तो शेतीच्या संदर्भात रूपक म्हणून सहजी उच्चारण्याजोगा राहिलेला नाही.

अशा खेळाला लागणारी संज्ञाही शिवारातच आहे. हळद काढल्यावर पुढच्या हंगामासाठी निवडून ठेवलेल्या गड्ड्यांना ‘बेणे’ म्हणतात. एका डावातून दुसऱ्या डावात जाणारी पुंजी ती हीच, आणि आजवरच्या खेळांतील पुंजीहून ती एका बाबतीत अगदी वेगळी आहे. ‘हेडीस’मधील गड्याची कमाई त्याच्याकडून कोणी हिरावून घेत नाही, तीवर त्याला पोटही भरावे लागत नाही. बेणे ठेवायचे की भाव पडलेल्या वर्षी तेही विकून उधारी भागवायची, हा निर्णय हळद उत्पादकाला घ्यावा लागतो. आणि विकले, तर जूनमध्ये नवा गडी येत नाही, जुन्याच गड्याला बेणे विकत घ्यावे लागते, त्या वेळी जो भाव असेल त्या भावाने.